किरकोळ मालाचा कारभार : विजयानंद रोडलाइन्सच्या इतिहासाची प्रस्तावना

मराठीत उद्योजकांची चरित्रे भरपूर आहेत. नांगर, इंजिने, साखर, कापड, औषधे बनवणाऱ्यांवर आपण आवडीने लिहिले आणि वाचले. बनलेला माल गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत नेणाऱ्यांविषयी मात्र आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. ट्रकवाल्याचा उल्लेख वर्तमानपत्रात येतो तो अपघात झाला, संप झाला किंवा डिझेल महागले तर. एरवी दुकानाच्या दारात उतरलेले खोके कुठून, कोणाच्या जबाबदारीवर, किती हातांतून आले याची चौकशी कोणी करत नाही. हिशेबाच्या वहीत ‘भाडे’ अशी एक ओळ पडते आणि विषय संपतो.

त्या एका ओळीमागे काय असते ते समजून घ्यायचे तर एखादी कंपनी मुळापासून पाहावी लागते. त्यासाठी हुबळीच्या विजयानंद रोडलाइन्सइतके चांगले उदाहरण दक्षिण महाराष्ट्राच्या आसपास दुसरे नाही. 1976 साली गदगमध्ये एका ट्रकवर सुरू झालेला हा व्यवसाय आज ‘व्हीआरएल लॉजिस्टिक्स’ या नावाने देशभर चालतो आणि त्याचे भाग शेअर बाजारात विकले-घेतले जातात. कंपनी कर्नाटकातली, संस्थापक कन्नड, कारभाराचे केंद्र हुबळी. तरी कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, मुंबई आणि गोवा इथल्या व्यापाऱ्याला हे नाव परके नाही, कारण या कंपनीचा व्यवसाय ज्या मुलखात उभा राहिला तो मुलूख 1956च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यातच होता. सीमा बदलली, व्यापाराच्या वाटा तशाच राहिल्या. इलकलची साडी, गुळेदगुड्डचा खण आणि ब्याडगीची मिरची महाराष्ट्रात येत राहिली; इचलकरंजीचे कापड आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीतले सुटे भाग खाली जात राहिले.

या मुलखातली मालवाहतूक ट्रकपेक्षा फार जुनी आहे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. पुढे गाडीरस्ते झाल्यावर हुंडेकरी आले. मालाचे भाडे, वाटेतले नाके, गाडीवानांची मजुरी हे सारे अंगावर घेऊन माल मुक्कामी पोचवण्याचा ठराव करणारा तो हुंडेकरी. स्वतःची एकही गाडी नसताना तो केवळ शब्दावर धंदा करी, आणि आजच्या ट्रान्सपोर्ट कंपनीची कामाची पद्धत पुष्कळशी त्याच्याकडूनच आली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि धारवाड भागातल्या कापसाला एकाएकी भाव आला. तो कापूस गाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरावर जाई. इथे रस्त्याची निकड पहिल्यांदा सरकारदरबारी पोचली ती कापसामुळे.

1880च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली. गदग, हुबळी, धारवाड लोहमार्गाने जोडले गेले, हुबळीला रेल्वेचा मोठा कारखाना उभा राहिला. पण हा मार्ग मीटरगेज होता, आणि त्याचे परिणाम पुढे शंभर वर्षे टिकले. गदगहून सोलापूरकडे निघालेला माल होटगीला एका वॅगनमधून उतरवून दुसरीत भरावा लागे, कारण पुढची लाइन ब्रॉडगेज. पुणे-मिरज मार्ग 1970च्या सुमारास ब्रॉडगेज झाला तेव्हा हीच उतरवाउतरव मिरजेला सुरू झाली. महाराष्ट्राकडे जाणाऱ्या दोन्ही दारांवर माल उतरायचा, पडून राहायचा, पुन्हा चढायचा. शिवाय दुकानापासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून दुकानापर्यंत हातगाडी किंवा बैलगाडी वेगळी. संपूर्ण वॅगन भरण्याइतका माल असणाऱ्याला हे परवडे. चार खोकी पाठवणाऱ्याचे हाल होत. मिरज-हुबळी मार्ग ब्रॉडगेज व्हायला 1990चे दशक उजाडले आणि होटगी-गदग मार्गाला तर एकविसावे शतक. तोवर त्या चार खोक्यांच्या मालकाने आपला रस्ता शोधलेला होता, आणि तो रस्ता डांबरी होता.

मग ट्रकनी ही वाहतूक आधीच का ताब्यात घेतली नाही? याचे उत्तर कायद्यात आहे. 1939च्या मोटार वाहन कायद्याचा भर रस्त्यावरच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्यावर होता, आणि रेल्वेचे उत्पन्न जपणे हा त्यामागचा एक उघड हेतू होता. 1945 साली मोटार वाहतुकीच्या नियमनासाठी आलेल्या आचारसंहितेने लांब पल्ल्याच्या ट्रकांना आणखी आळा घातला. परवाना एका भागापुरता. दुसऱ्या राज्यात जायचे तर तिथल्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी. मिनू मसानी यांच्या समितीने 1959मध्ये हे निर्बंध सैल करावेत असे सुचवले, तरी बदल सावकाश झाले. 1975 साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली. परवाने मर्यादित होते, पण राज्याबाहेर माल नेणाऱ्या ट्रकला पहिल्यांदा थोडा मोकळा श्वास मिळाला. विजयानंदचा पहिला ट्रक रस्त्यावर आला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. या योगायोगातून कंपनीचे सारे यश सिद्ध होत नाही. पण दहा वर्षे आधी हाच उद्योग सुरू झाला असता तर तो जिल्ह्याबाहेर कितपत गेला असता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कंपनीचे संस्थापक विजय संकेश्वर यांचा जन्म 1950चा. घरचा व्यवसाय गदगमध्ये छापखान्याचा आणि पुस्तक प्रकाशनाचा. मुलगा वाणिज्य पदवीधर. त्याने ट्रकच्या धंद्यात पडणे हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला रुचणारे नव्हते. ट्रक ही ड्रायव्हर-क्लीनरची, ढाब्याची आणि नाक्यावरच्या देवाणघेवाणीची दुनिया मानली जाई. घरच्या जमलेल्या धंद्यातून या दुनियेत उतरायला धाडस लागते हे खरे. पण छापखान्याचा अनुभवही सोबत आला, हे चरित्रकार सहसा विसरतात. प्रकाशकाला गावोगावच्या पुस्तकविक्रेत्यांकडे लहान लहान गठ्ठे पाठवावे लागतात. दहा गठ्ठे, दहा गावे, दहा वेगळी भाडी आणि पोचल्याची खात्री कशाचीच नाही. माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाचे दुखणे या माणसाने काउंटरच्या त्या बाजूने पाहिलेले असणार. पुढे त्याने जो प्रकार निवडला तो नेमका याच दुखण्यावरचा होता.

1978 साली व्यवसाय गदगहून हुबळीला आला. गदग-हुबळी अंतर जेमतेम साठ किलोमीटर. पण या साठ किलोमीटरांनी व्यवसायाचे स्वरूप बदलले. हुबळी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. पुणे तिथून साधारण सव्वाचारशे किलोमीटर, बेंगळुरू चारशेच्या थोडे पुढे. म्हणजे संध्याकाळी भरून निघालेली गाडी कोणत्याही दिशेने सकाळच्या सुमाराला मोठ्या बाजारपेठेत पोचू शकते. त्याच गावातून एक रस्ता विजापूरमार्गे सोलापूरला, एक अंकोला-कारवारच्या किनाऱ्याला, एक गदगवरून बळ्ळारीकडे जातो. मुंबई आणि बेंगळुरू या दोन शहरांच्या दरम्यान, चारही दिशांना फाटे असलेले, घाऊक व्यापाराचे गाव. जागा निवडताना कोणी नकाशा पुढे ठेवून गणित केले होते की बाजाराच्या ओढीने पावले तिकडे वळली, हे सांगता येणार नाही. पण ही जागा चुकली असती तर पुढचे काहीच जमले नसते.

आता या व्यवसायाच्या गाभ्याकडे येऊ. ट्रकने माल नेण्याचे ठळक प्रकार दोन. पहिला पूर्ण गाडीचा. एका पार्टीचा माल, एक ठिकाण, ठरलेले भाडे; साखर, सिमेंट, लोखंड, कांदा असाच जातो. यात गोदाम लागत नाही, फार माणसे लागत नाहीत. गाडी हवी आणि भाडे मिळवून देणारा दलाल हवा. म्हणूनच या प्रकारात स्पर्धा भयंकर आणि नफा तुटपुंजा. एक-दोन गाड्यांचा मालक स्वतः स्टिअरिंगवर बसून हे करू शकतो, आणि देशातल्या बहुतेक ट्रकांची मालकी अशाच लहान माणसांकडे आहे.

दुसरा प्रकार किरकोळ मालाचा. व्यापारी याला पार्सलचा धंदा म्हणतात. दोन खोकी औषधे, एक गाठ कापड, पाच नग पंप, सायकलींचे सुटे भाग, वह्यांचे गठ्ठे, एखादे शिवणयंत्र. एका गाडीत शेकडो लोकांचा माल. इथे किलोमागे भाडे चांगले मिळते आणि कोणा एका गिऱ्हाइकाच्या मर्जीवर कंपनी अवलंबून राहत नाही. पण हे भाडे कमावण्यासाठी गावोगावी शाखा, प्रत्येक शाखेला गोदाम, गोदामात हमाल, कारकून, तराजू आणि पावतीपुस्तक लागते. गाडी भरलेली असो वा अर्धी, ठरल्या वेळी सोडावी लागते. भरेपर्यंत थांबलो तर आधी आलेल्या व्यापाऱ्याचा माल अडकतो. पूर्ण गाडीच्या धंद्यात गाडी कमावते, पार्सलच्या धंद्यात गोदाम कमावते. विजयानंद रोडलाइन्सने आपला मुख्य भर या दुसऱ्या प्रकारावर ठेवला, आणि या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

गोदामातली विद्या बाहेरून दिसत नाही म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. समजा वीस गावांत शाखा आहेत. प्रत्येक गाव दुसऱ्या प्रत्येक गावाशी थेट जोडायचे तर 190 मार्ग होतात, आणि त्यातल्या बहुतेक मार्गांवर गाडी भरण्याइतका माल रोज मिळणार नाही. मधे एक केंद्र धरले की वीसच मार्ग पुरतात. निपाणीहून दावणगेऱ्याला जाणारे खोके हुबळीत येते, तिथे कारवारहून आणि विजापूरहून आलेल्या दावणगेऱ्याच्या मालात मिसळते आणि पुढच्या गाडीत चढते. याची किंमत म्हणजे एक जादा चढ-उतार. प्रत्येक चढ-उतारीत खोके फुटण्याची, ओले होण्याची, चुकीच्या गाडीत जाण्याची शक्यता वाढते. म्हणून नगावरचा मार्का, पावतीवरचा नंबर आणि भरतीची यादी या तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. संगणक आणि बारकोड येण्याआधी हे सारे खडूने, शाईने आणि गोदाम कारकुनाच्या स्मरणशक्तीवर चाले.

दुसरी विद्या भरतीची. गाडीला दोन मर्यादा असतात, वजनाची आणि जागेची. नट-बोल्ट भरले तर टन लवकर पुरे होतात आणि वर अर्धी गाडी रिकामी दिसते. फोमच्या गाद्या किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या तर ताडपत्रीपर्यंत गाडी भरते आणि काट्यावर वजन काहीच नाही. दोन्ही मिसळून, जड खाली आणि हलके वर, तेलाचे डबे कापडापासून दूर, आधी उतरायचा माल दाराशी आणि शेवटी उतरायचा माल केबिनच्या बाजूला, असा डाव मांडणारा मुकादम कंपनीला रोज पैसे मिळवून देतो. पण ताळेबंदात त्याचे नाव कुठे येत नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. ट्रान्सपोर्ट कंपनीची पावती, म्हणजे बिल्टी किंवा एलआर, ही नुसती पोच नसते. माल पाठवणारा ती बँकेत देतो, माल घेणारा बँकेत पैसे भरून ती सोडवतो आणि मग गोदामातून माल उचलतो. म्हणजे गावच्या व्यापाऱ्याला न पाहिलेल्या गिऱ्हाइकाशी उधारीचा व्यवहार करता येतो तो या कागदाच्या भरवशावर. बिल्टी न घेता माल सोडणारी कंपनी एकदा बदनाम झाली की संपली. म्हणून बँकांची संघटना मान्यताप्राप्त वाहतूकदारांची यादी ठेवते. 1865च्या कॅरिअर्स कायद्याने वाहतूकदाराला मालाची जवळजवळ विमा कंपनीइतकी जबाबदारी दिली होती, आणि इंग्रजी अमदानीतला हा कायदा 2007चा रस्ते मालवाहतूक कायदा 2011मध्ये अंमलात येईपर्यंत चालू राहिला. भाड्याचेही दोन प्रकार. पाठवणाऱ्याने आधी भरले तर ‘पेड’, घेणाऱ्याने सोडवताना भरायचे असेल तर ‘टू-पे’. टू-पे मालाने भरलेली गाडी निघते तेव्हा डिझेलचा, भत्त्याचा, नाक्याचा खर्च कंपनीच्या खिशातून झालेला असतो आणि येणे शंभर गावांत विखुरलेले असते.

या साऱ्यात कंपनीने दुसरा निर्णय घेतला तो स्वतःच्या गाड्यांचा. पुष्कळ नामांकित ट्रान्सपोर्ट कंपन्या बुकिंग आपल्या नावाने करतात आणि गाडी बाजारातून भाड्याने घेतात. भांडवल कमी अडकते, मंदीत गाड्या उभ्या राहत नाहीत. 1958 साली कोलकात्यात स्थापन झालेल्या ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडियासारख्या जुन्या संस्थांनी देशभर जाळे विणताना भाड्याच्या गाड्यांचा मोठा आधार घेतला. विजयानंदने मुख्यतः स्वतःच्या गाड्यांवर धंदा चालवला. हप्ते, टायर, दुरुस्ती, ड्रायव्हरचा पगार हे ओझे अंगावर आले. पण ठरल्या वेळी गाडी सुटणार की नाही हे दलालावर अवलंबून राहिले नाही. किरकोळ मालाच्या वेळापत्रकाला हे आवश्यक होते. हा भार पेलायचा तर गाडी स्वस्तात आणि दीर्घकाळ चालवता आली पाहिजे. त्यासाठी हुबळीजवळ वरूर येथे कंपनीने मोठे केंद्र उभारले. माल बदलण्याच्या जागेबरोबर दुरुस्ती, सुट्या भागांचा साठा आणि गाड्यांची बॉडी बांधण्याचे काम तिथे होते. कर्ज फिटलेली, पण नीट राखलेली गाडी ही मालवाहतुकीत खरी कमाई देणारी गाडी असते, हे सूत्र इथे काटेकोरपणे पाळलेले दिसते. खासगी क्षेत्रात मालवाहू गाड्यांचा सर्वांत मोठा ताफा बाळगणारी कंपनी म्हणून लिम्का बुकमध्ये तिची नोंद झाली.

1983मध्ये व्यवसायाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. 1988चा नवा मोटार वाहन कायदा पुढच्या वर्षी लागू झाला आणि परवान्यांची जुनी चौकट बरीच मोकळी झाली. 1992मध्ये कुरिअर सेवा आणि 1996मध्ये प्रवासी बस सुरू झाल्या. मुंबई-पुण्याच्या बहुतेक मराठी वाचकांना या कंपनीची पहिली ओळख तिच्या रात्रीच्या बसमुळेच झाली असेल. 1999च्या अखेरीस ‘विजय कर्नाटक’ हे दैनिक निघाले. ट्रान्सपोर्टवाल्याने वर्तमानपत्र काढावे याचे तेव्हा आश्चर्य वाटले, पण त्यामागे एक सरळ तर्क होता. छापखान्याचा वारसा घरात, आणि पहाटेच्या आत गावोगाव गठ्ठे पोचवण्याची यंत्रणा हाताशी. कमी किमतीत, अनेक शहरांतून छापून काढलेल्या या दैनिकाने कन्नड वृत्तपत्रसृष्टीची मांडणी हलवली; 2006मध्ये ते टाइम्स समूहाने विकत घेतले. 2012मध्ये ‘विजयवाणी’ निघाले. दरम्यान संकेश्वर धारवाड उत्तर मतदारसंघातून 1996, 1998 आणि 1999 अशा तीन निवडणुकांत लोकसभेवर निवडून गेले होते. 2020मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या साऱ्याचा गाजावाजा अधिक झाला, म्हणून मी त्यावर फार थांबत नाही. 2022-23 या वर्षात कंपनीने बसचा आणि पवनऊर्जेचा व्यवसाय विकून पुन्हा मालवाहतुकीवर लक्ष एकवटले, यावरून मूळ धंदा कोणता हे तिने स्वतःच सांगून टाकले.

एप्रिल 2015मध्ये कंपनीने भागविक्री केली. 205 रुपयांच्या भागाला सत्तरपटींहून अधिक मागणी आली. बाजाराला एकाएकी ट्रकचे प्रेम आले असे नव्हे. ऑक्टोबर 2014मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून पूर्ण मुक्त झाले होते आणि जगात तेल स्वस्त होत होते. शिवाय देशभर एकच वस्तू आणि सेवा कर येण्याची चिन्हे होती. गुंतवणूकदारांनी पैसे लावले ते नाके उठण्यावर.

नाक्यांचे महत्त्व महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. कर्नाटकाने जकात 1979मध्येच रद्द केली आणि तिच्या जागी प्रवेश कर आणला. महाराष्ट्रातल्या शहरांत मात्र ती दीर्घकाळ टिकली, आणि मुंबईत तर थेट 1 जुलै 2017पर्यंत, म्हणजे जीएसटी लागू होईपर्यंत राहिली. पूर्ण गाडीच्या मालाची जकात एका बिलावर ठरते. किरकोळ मालाच्या गाडीत शेकडो बिले. त्यातल्या एका खोक्याचा कागद अपुरा असला की उरलेल्या सर्वांचा माल नाक्यावर उभा. 2018च्या एप्रिलपासून ई-वे बिल आले, नाके गेले, पण हा तिढा पूर्ण सुटलेला नाही. भरारी पथकाने एका पार्टीच्या कागदात खोट काढली तर आजही अख्खी गाडी थांबते. दुसऱ्या बाजूने, कराचा कागद सक्तीचा झाल्यावर कच्च्या पावतीवर माल नेणाऱ्यांची जागा आक्रसली आणि हिशेब चोख ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे गिऱ्हाईक वळले. रस्तेही सुधारले. सुवर्ण चतुष्कोन योजनेत पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला. पण हुबळी-धारवाडचा वळणरस्ता पुढे अनेक वर्षे दुपदरीच राहिला आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला. देशातल्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या अंगणातलाच रस्ता सर्वांत अरुंद असावा, यातून आपल्या नियोजनाचे स्वरूप कळते.

कंपन्यांच्या इतिहासात एक उणीव नेहमी असते. संस्थापक ठसठशीत दिसतो, गाड्यांची संख्या दिसते, आणि गाडी चालवणारा व माल उचलणारा माणूस दिसत नाही. 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या रस्त्यावर ती किती पाळली जाते हे रात्री कोणत्याही ढाब्यावर कळते. ड्रायव्हरच्या केबिनला वातानुकूलन असावे हा नियम नव्या ट्रकांना लागू झाला तो ऑक्टोबर 2025मध्ये. हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे काम झाले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेला 1969चा माथाडी कायदा आणि पुण्यातली डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत यांनी पाठीवर ओझे वाहणाऱ्याला नोंद, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. केरळात ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी 1978चा कायदा आला. पण देशातल्या बऱ्याच भागांत आजही हमालाला असे संरक्षण नाही. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची यावरून ट्रकमालक आणि व्यापारी यांच्यात वाद होत राहतात; ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली. किरकोळ मालाच्या धंद्यात एकेक नग चार-सहा वेळा उचलला जातो. त्यामुळे या धंद्याचा इतिहास हमालांना वगळून लिहिता येत नाही, आणि तसा लिहिला तर तो अर्धाच राहील.

वाचकाने पुढची पाने कशी वाचावीत, याबद्दल दोन गोष्टी सुचवतो. 2022मध्ये संकेश्वर यांच्या जीवनावर ‘विजयानंद’ हा कन्नड चित्रपट आला. चित्रपटाला नायक लागतो, संकटे लागतात आणि जिद्द लागते. तो आपले काम करतो. इतिहासाला त्याबरोबर परवाने, गेज, कर, डिझेलचा दर आणि बिल्टीचा कायदाही लागतो. एका ट्रकपासून हजारो गाड्यांपर्यंतचा प्रवास वाचताना प्रत्येक टप्प्यावर विचारावे, की इथे माणसाचे कर्तृत्व किती आणि बदललेल्या नियमाचा हात किती. दोन्ही उत्तरे खरी असतात. दुसरी गोष्ट, कंपनीचे गौरवग्रंथ वाचताना तिने भागविक्रीच्या वेळी प्रसिद्ध केलेले माहितीपत्रकही शेजारी ठेवावे. कायद्याने सक्ती केल्यामुळे त्यात कंपनी स्वतःच्याच धोक्यांची यादी देते, कज्जे सांगते, कर्जे सांगते. ते वाचायला रूक्ष असते, पण इतिहासकाराला ते फार उपयोगी पडते.

या कंपनीबद्दलचे माझे मत थोडक्यात असे. तिने तीन गोष्टी ओळखल्या: मोठ्या गिऱ्हाइकापेक्षा असंख्य लहान गिऱ्हाइकांचा माल अधिक भरवशाचा असतो, वेळ पाळायची तर गाडी आपली हवी, आणि केंद्र महानगरातच असले पाहिजे असे नाही. यांतली पहिली दोन तत्त्वे इतरांनाही ठाऊक होती. तिसरे हुबळीने सिद्ध केले. महानगराबाहेरच्या गावात राहून, तिथल्याच माणसांना कामावर घेऊन देशव्यापी धंदा उभा करता येतो, हे सांगली, अहिल्यानगर, जळगाव किंवा अकोल्यातल्या तरुण व्यावसायिकाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

एक विनंती करून थांबतो. महाराष्ट्रातही गावोगावी पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या ट्रान्सपोर्ट पेढ्या आहेत. त्यांच्या माळ्यावर बिल्टीची स्थळप्रत पुस्तके, भरतीच्या याद्या, जकातीच्या पावत्या, परवान्यांची जुनी कागदपत्रे पडून आहेत, आणि गोदाम रिकामे करताना ती रद्दीत जातात. कोणत्या वर्षी कोणत्या गावाहून काय आणि किती गेले, याचा इतका बारीक पुरावा दुसऱ्या कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. पेढीच्या मालकांनी ती जपावीत, महाविद्यालयांच्या इतिहास आणि वाणिज्य विभागांनी ती मागून घ्यावीत, आणि निवृत्त ड्रायव्हर, मुकादम, कारकून बोलायला आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवावे. हे काम आताच हाती घेतले पाहिजे.